जामीन राहायचं की नाही? आणि एकूणच विश्वास या विषयावर (खान्देशी मंडळींनी जरूर लिहा)

तापीकाठ:
राम राम मंडळी. विषय तसा घरगुती आहे पण बरेच दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतो. चुलतभाऊ केळी लावतोय, टिश्यूची रोपं, नवीन ठिबक, सगळं. त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढतोय आणि जामीनदार म्हणून माझी सही मागतोय. माणूस म्हणाल तर एक नंबर, वडिलांच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसला होता, ते मी विसरणार नाही. पण मी नोकरदार, पगाराची स्लिप माझी, म्हणून सही माझीच पाहिजे. मी फक्त एवढंच विचारलं की बाबा कर्ज एकूण किती, आधीचं काही बाकी आहे का, सातबाऱ्यावर बोजा किती दिसतो. झालं! भाऊ रुसला, काकूचा आईला फोन, "तुना पोर्‍याले सांग, भाऊना कामले भाऊ नही यी ते मंग कोन यी?" आता प्रश्न कर्जाचा राहिलाच नाही, माझा भावावर विश्वास आहे की नाही यावर गोष्ट आली. आणि तोंडावर श्रावण आहे, आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाला, म्हणजे रोटाला, सगळी भाऊबंदकी एका घरात जमणार.

तर विचारायचं हे की विश्वास असला की प्रश्न विचारायचेच नसतात का? जामिनापुरतं नाही, नवराबायको, गावचे पुढारी, देवधर्म, सगळ्याबद्दल लिहा. आणि 'विश्वास तर पानिपतात गेला' हा विनोद मीच आधी करून टाकतोय, कृपया कोणी परत करू नका.

भरीतप्रेमी:
अरे मी तोच टाईप करत होतो 😄

रावेरचा केळीवाला:
भाऊ आमचा तर धंदाच विश्वासावर. बाग कापली की ट्रक भरून उत्तरेकडे रवाना, हातात काय तर पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची चिठ्ठी. त्या पट्टीवर पैसे कधी येतील ते व्यापारी आणि पांडुरंग जाणे. बोर्डाचा भाव एक लागतो, बागेत येऊन माणूस दुसराच भाव सांगतो, आणि नवती (नवीन लागवडीचा) माल झाडावर पिकायला लागला की आपण जास्त ताणू शकत नाही, हे त्यालाही माहीत असतं. आमच्या शिवारातून मागे एक जण बऱ्याच लोकांचे पैसे घेऊन गायब झाला. चांगला घरात येऊन जेवायचा, पोरांना खाऊ आणायचा. तेव्हा माणूस चांगला आहे म्हणून सही करतो म्हणशील तर जरा थांब. चांगला माणूससुद्धा करप्याने किंवा वादळाने एका रात्रीत थकबाकीदार होतो, त्यात त्याचा दोष नसतो पण हप्ता तर राहतोच ना.

जिभाऊ:
तुम्ही पोरं लई कागद कागद करतात. आमच्या टाईमाला सारंगखेड्याच्या यात्रेत दत्त जयंतीला घोडा, बैल घ्यायचा तर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, बाजूच्याला कळायचं नाही. पैसे कमी पडले तर पुढल्या यात्रेला दे म्हणायचे. ना चिठ्ठी ना चपाटी. एक रुपाया बुडाला नाही. आते भाऊ भाऊले सातबारा मांगस! काय कलयुग ऊनं भो.

वकीलीण धुळे:
जिभाऊ नमस्कार. तुमच्या रुमालाकडे मी येते, आधी धागाकर्त्यासाठी कामाचं.

जामीन राहणं म्हणजे चारित्र्याचा दाखला देणं असं लोकांना वाटतं. तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे आधी त्याच्याकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या, असं तुम्ही म्हणू शकत नाही, संस्था थेट तुमच्या दारात येऊ शकते. सहकारी पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही, आणि त्या दाखल्यावर नाव तुमचंही असतं. पगारावर जप्ती येते. सिबिलच्या रिपोर्टमध्येही जामीन राहिलेलं कर्ज दिसतं, उद्या तुम्हाला घरासाठी कर्ज काढायचं असेल तेव्हा कळेल. पैसे भरावे लागले तर नंतर भावाकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे (कलम १४५), पण म्हणजे भावावर दावा. तो तुम्ही लावणार आहात का, हे आजच स्वतःला विचारा.

आता रुमाल. जिभाऊ, त्या यात्रेत दलाल ओळखीचा असायचा, घेणारा कोणत्या गावचा ते दहा जणांना माहीत असायचं. बुडवलं तर पुढल्या वर्षी त्याला यात्रेत कोणी उभं केलं नसतं. कागद नव्हता हे खरं पण साक्षीदार अख्खा बाजार होता.

जिभाऊ:
हाऊ मुद्दा शे खरा.

अमळनेरकर:
आमच्या गावची गोष्ट सगळ्यांना ऐकून पाठ आहे तरी सांगतो. विप्रोची सुरुवात अमळनेरला, १९४५ साली, वनस्पती तुपाची कंपनी म्हणून. गावातल्या साध्या साध्या लोकांनी, शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी शेअर घेतले आणि पेटीत टाकून दिले. १९६६ ला वडील गेले आणि अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी कारभार बघायला आले, पुढे कंपनी कॉम्प्युटरमध्ये गेली, बोनस शेअर मिळत गेले, आणि ज्यांनी विकले नाहीत त्यांची घरं झाली, बंगले झाले. याला म्हणतात विश्वास! लोकांनी पोराबाळांना सांगून ठेवलेलं, काही झालं तरी हे कागद विकायचे नाहीत.

पुण्यात अडकलेला:
अमळनेरकर, माफ करा पण ही गोष्ट सांगताना लोकं अर्धीच सांगतात. ज्यांनी विकले नाहीत ते आज सांगायला आहेत. तितक्याच भाबडेपणाने आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनी रिटायरमेंटचे पैसे, पोरीच्या लग्नाचे पैसे पतसंस्थांमध्ये टाकले, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज आणि चेअरमन आपल्या समाजाचा म्हणून. माझे मामा त्यातलेच. संस्था बसली, पावत्या अजून कपाटात आहेत. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाखापर्यंत मिळतात, २०२० च्या फेब्रुवारीपासून ही मर्यादा आहे, त्याआधी एक लाख होती. सहकारी बँकेलाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. हे मामांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मामांनी विचारलं नव्हतं कारण चेअरमनला असं विचारणं बरं दिसत नाही!!

आणि प्रेमजींच्या कंपनीचा दरवर्षी ताळेबंद यायचा की घरी पोस्टाने. वाचायचे किती जण हा भाग वेगळा.

अमळनेरकर:
वाचायचे हो काही जण. आमचे एक गुरुजी वाचून दाखवायचे ओट्यावर बसून. पण तुमचा मुद्दा मान्य, मामांचं वाईट झालं.

पांझराकाठचा:
मला इथे फड पद्धतीबद्दल लिहायचंय, लांबेल, पण विषयाला धरून आहे. मी साक्री तालुक्यातला.

आमच्याकडे पांझरेवर, आणि तिकडे बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर तीनेकशे वर्षांपासून फड चालत आले. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन मोठमोठ्या तुकड्यांत वाटलेली, एक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस तर त्या फडात भुसार, पुढल्या वर्षी फेरपालट. तुम्ही म्हणाल माझी जमीन, मी काहीही लावीन, तर तसं चालायचं नाही.

आता यातली गंमत बघा. पाणी शेतकरी स्वतः भरायचाच नाही. पाटकरी भरायचा. तो गावाने नेमलेला, त्याचं काम पाणी वरून खालपर्यंत ओळीने देत जायचं, कोणाच्या बांधावर किती वेळ ते तो ठरवणार. पिकाची राखण जागले करायचे, गुरं शिरली तर ते बघणार. यांचा मोबदला धान्यात, पीक निघाल्यावर. म्हणजे पीक चांगलं आलं तर पाटकऱ्याच्या घरात दाणे, नाही आलं तर त्याच्याही चुलीची पंचाईत. माझे आजोबा सांगायचे की रात्री पाणी चोरायला जायची कोणाला गरजच पडायची नाही, कारण सगळ्यांच्या शेतात पीक तेच, त्याला लागणारं पाणी तेवढंच, जास्त घेऊन करणार काय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका घराची जमीन एकाच फडात नसायची, थोडी थोडी बहुतेक फडांत असायची. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि पंचांनी ठरवलं की यंदा हा फड कोरडा ठेवायचा, तर तोटा एकट्यादुकट्याचा व्हायचा नाही, ठरवणाऱ्या पंचाचीही तिथे जमीन असायची. लोकं पंचांचं ऐकायची ती ते काही देवमाणसं होती म्हणून नाही. ते जो निर्णय देतात त्याने त्यांचंही शेत वाळणार आहे हे समोर दिसायचं.

नंतर विहिरी, मोटारी आल्या, वरती धरणं झाली, ज्याच्याकडे मोटार त्याला फडाची गरज राहिली नाही. बरेच फड मोडले. माणसं बिघडली असं म्हणणारे म्हणतात, मला ते पटत नाही. माणसं तीच होती, त्यांचं एकमेकांत अडकलेलं काही उरलं नाही.

तर तापीकाठ, तुझ्या भावाच्या कर्जात पीक त्याचं, नफा त्याचा, आणि बुडालं तर पगार तुझा. याच्यात तू त्याच्यावर विश्वास टाकतोयस, त्याने तुझ्यावर काय टाकलं? साधा आकडा सांगायचा विश्वास नाही टाकला त्याने.

वकीलीण धुळे:
शेवटची ओळ 👏

तापीकाठ:
पांझराकाठचा, ही बाजू डोक्यातच नव्हती आली.

सातपुड्यातली सिस्टर:
मी नंदुरबार जिल्ह्यात, वर डोंगरात उपकेंद्राला आहे. आमच्याकडे पाड्यावर लसीकरणाला गेलं की आया पोरं घेऊन मागच्या दाराने शेतात जायच्या. पहिले काही महिने मी चिडायचे, काय अडाणी लोकं म्हणून. मग एका म्हातारीने सरळ विचारलं, तुझ्या पोराला दिलंय का हे? त्या दिवसापासून माझ्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड पर्समध्ये ठेवते, विचारलं की काढून दाखवते. दुसरं म्हणजे पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र) लसीनंतर ताप येतो, पाय सुजतो, हे आधीच सांगते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जाऊन बसते. आधी सांगून ताप आला तर बाई म्हणते सिस्टर खरं बोलली. न सांगता आला तर म्हणते सिस्टरने पोराला आजारी पाडलं. ताप तोच!

कोरोनात आमच्याकडे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड होते, स्वतः भिल्ल समाजातले, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. दुसरी लाट यायच्या आधीच जिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट उभे केले होते. बाकी ठिकाणी सिलिंडरसाठी पळापळ चालू होती तेव्हा लोकांनी हा फरक डोळ्यांनी बघितला. आपला माणूस म्हणून लोकं खूश होती पण नुसतं आपला असून भागलं नसतं.

विश्वासाची दुसरी बाजूही इथेच बघते. कोणी आजारी पडलं, जनावर मेलं की काही ठिकाणी भगताला विचारतात, आणि त्याने एखाद्या बाईचं नाव घेतलं की ती डाकीण. मारहाण होते, गाव सोडावं लागतं. बहुतेक वेळा ती बाई विधवा आणि नावावर जमीन. भगताला कोणी विचारत नाही की तुला कसं कळलं. २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे, पण तक्रार द्यायला त्या बाईच्या बाजूने बोलणारं एक माणूस तर पाहिजे.

विवेकी जळगावकर:
सिस्टरने नेमकं सांगितलं. म्हणूनच मी म्हणतो श्रद्धा आणि विश्वास या भानगडीतच पडू नये, पुरावा असेल तर मानावं नाहीतर सोडून द्यावं. वारीला जाणारे लाखो लोक, काय पुरावा आहे त्यांच्याकडे?

मुक्ताईची लेक:
आले बाई पुराव्यावर 🙂 मी कोथळी-मुक्ताईनगरच्या पालखीसोबत पायी जाते, सगळ्यात लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ही एक, विदर्भ मराठवाड्यातून महिनाभरापेक्षा जास्त चाल. तुम्हाला वाटतं तिथे सगळं डोळे मिटून चालतं? आमच्या दिंडीत भिशी (जेवणखाण्याची वर्गणी) किती, गहू किती आला, तेल किती संपलं, कोणी काय दान दिलं, याची वही असते, आणि पंढरपूरला पोचल्यावर सगळ्यांसमोर वाचतात. एका वर्षी साखरेचा हिशोब लागेना तर तीन म्हाताऱ्यांनी महाराजांना जेवू दिलं नाही तो लागेपर्यंत. विठ्ठलावर श्रद्धा वेगळी आणि कोठीवर लक्ष वेगळं, वारकऱ्याला दोन्ही जमतं.

आणि चांगदेवांची कथा आठवा. चौदाशे वर्षं जगलेले योगी म्हणतात, वाघावर बसून आले, आणि गुरू केली कोणाला तर लहानग्या मुक्ताईला. वय, मान, शिष्यसंप्रदाय सगळं त्यांच्याकडे होतं, तिच्याकडे काय होतं? तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे, तिथे उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, भाबडा माणूस असता तर स्वतःच्याच चमत्कारावर भाळून बसला असता. याने स्वतःचा फुगा फुटलेला चालवून घेतला.

विवेकी जळगावकर:
साखरेचा हिशोब मागितला हे भारी. पांडुरंगाचा हिशोब कोणी मागितला?

मुक्ताईची लेक:
पांडुरंगाने माझ्याकडे सही कुठे मागितलीये हो? जो देवाच्या नावाने सही, पैसा, पोरगी मागतो त्याला हिशोब विचारायचा. इतकं साधं आहे.

विवेकी जळगावकर:
बरं. हे मान्य करायला हरकत नाही. वारीला मात्र येणार नाही 😀

उधना सुरत:
मी वाचक आहे, पहिल्यांदा लिहितेय. आमचे हे सुरतला लूमवर, मी पोरं घेऊन पारोळा तालुक्यात. आमच्या भागातली अर्धी गावं उधना-लिंबायतला आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. सासूबाई म्हणायच्या नवऱ्याला पगार किती विचारू नये, संशय घेतल्यासारखं होतं. ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच पगाराला फोन करून सांगितलं, एवढे आले, एवढे खोलीभाड्याला गेले, एवढे मित्राला उसने दिले. मी न विचारता. मीपण इथला खर्च डायरीत लिहून फोटो पाठवते. एटीएमचा पिन दोघांना माहीत. एकमेकांचा मोबाईल आम्ही कधी उघडून बघितला नाही, गरजच वाटली नाही. बाकी तिकडे काय करतात ते देवाला माहीत असं शेजारच्या बाया म्हणतात, म्हणू देत.

गावकारभारी:
पुढाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी. आमच्या गावात सरपंच चांगला म्हणून ग्रामसभेला कोणी जात नाही. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, कोरम म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, जो आकडा कमी असेल तो. तेवढेही येत नाहीत, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही! म्हणजे चार टाळकी बसून ठराव पास. आता सरपंच खरंच चांगला आहे हो, पण उद्या त्याच्या जागी दुसरा आला तर त्याला ही सवय आयतीच मिळणार ना.

पांझराकाठच्यांच्याच तालुक्यात बारीपाडा आहे, चैत्राम पवारांचं, २०२५ ला पद्मश्री मिळाली. जंगल त्यांनी राखलं म्हणतो आपण, पण गावाने आधी नियम केले, झाड तोडलं तर दंड, आणि दंड घरच्यालाही. पुढाऱ्याच्या भाच्याला दंड झाला की गाव आपोआप विश्वास ठेवतं, भाषण लागत नाही.

जिभाऊ:
पाडळसऱ्याचं धरण कधी व्हई ते बी सांगा कोनी. इतल्या निवडणुका गयात, अजून होई ऱ्हायनं.

गावकारभारी:
जिभाऊ, तो वेगळा धागा काढावा लागेल, आणि तो धागापण धरणाआधी पूर्ण होणार नाही.

तापीकाठ:
अपडेट देतो, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. रविवारी गावी गेलो. भावाला मळ्यात गाठलं, घरात नाही, घरात काकू आणि आई दोघी कान लावून बसल्या असत्या. त्याला पांझराकाठच्यांची फडाची गोष्ट सांगितली. तो म्हणे मला शिकवतो का. मग मीच माझं सांगायला सुरुवात केली, माझा पगार हातात किती येतो, घराचा हप्ता किती, पोराची फी किती, महिन्याच्या शेवटी काय उरतं. हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं, त्याला वाटत होतं शहरातला भाऊ म्हणजे पैशात लोळतो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला गावच्या विकास सोसायटीचं मागचं पीककर्ज थकलंय आणि एका खाजगी माणसाकडून व्याजाने घेतलेत, ते घरात कोणालाच माहीत नाही, काकूलापण नाही. म्हणून आकडा सांगत नव्हता.

सही मी केली नाही. नवीन कर्ज काढून जुनं फेडायचा विचार होता त्याचा, केळी वगैरे नंतर. आता आधी त्या खाजगी माणसाचं बघतोय, माझ्याकडून जमतील तेवढे दिलेत, परत आले तर आले. सोसायटीत जाऊन थकीत कर्जाचं काय करता येतं ते दोघं मिळून विचारणार आहोत. ठिबक अर्ध्या शेतालाच करायचं ठरलंय. काकू अजून माझ्याशी बोलत नाही कारण तिला खरं कारण माहीत नाही, आणि मी सांगू शकत नाही, भावाने शपथ घातलीये. म्हणजे आता माझ्यावर विश्वास नसलेलं माणूस एक वाढलंच.

रावेरचा केळीवाला:
भाऊ अर्ध्या शेताचं बरोबर केलं. आणि टिश्यूची रोपं घेताना बिल घ्या पक्कं, रोपात भेसळ निघाली तर बिलाशिवाय कोणी उभं करत नाही. मोठ्या कंपनीचं रोप म्हणून कोणीपण काहीपण विकतो.

उधना सुरत:
काकूला भावानेच सांगायला पाहिजे, रोटाच्या आधी. तुम्ही नका सांगू.

भरीतप्रेमी:
वकीलीणताई एक विचारायचं राहिलं. मी मित्रासाठी आधीच सही करून बसलोय, हप्ते चालू आहेत त्याचे. आता जामीन मागे घेता येतो का?

वकीलीण धुळे:
कर्ज एकदाच उचललेलं असेल, म्हणजे टर्म लोन, तर तुम्ही नोटीस देऊन सुटत नाही. कॅश क्रेडिटसारखं चालू खातं असेल तर कलम १३० खाली पुढच्या व्यवहारांपुरता जामीन रद्द करता येतो, आधीच्या उचलीची जबाबदारी राहतेच. दुसरा जामीनदार द्यायला संस्था तयार असेल तर लेखी मुक्तता घ्या, तोंडी नको. कर्जाच्या अटी तुम्हाला न विचारता बदलल्या तर कायद्याने तुम्हाला थोडं संरक्षण आहे, पण छापील फॉर्मवर बहुतेकदा ते सोडून दिल्याची ओळ असते आणि त्याखाली तुमची सही. तो फॉर्म मागून घ्या, कॉपी मिळते. दर तीन महिन्यांनी मित्राच्या खात्याचा उतारा बघत जा.

भरीतप्रेमी:
मित्र रुसला तर?

वकीलीण धुळे:
भरीताला बोलवा आणि तेव्हा मागा.